साडेदहाचा गजर

"वहिनी, चढायचं काय, तुम्ही चढालच. मला बघायचंय ते दुसरंच. एकदा अर्ध्या वाटेवरून परत फिरून दाखवा. मग तिकिटं काढतो."

आमचे भाऊजी हे बोलले तेव्हा संक्रांत तोंडावर आली होती आणि आम्ही दोघी जावा तिळाचे लाडू वळत होतो. हाताला चटके बसत होते, पाक घट्ट व्हायच्या आत संपवायचं होतं. त्यामुळे मी नुसतं "हूं" म्हटलं. मनात म्हटलं, परत फिरण्यात दाखवायचं काय? ते तर कुणालाही येतं!

ते मला येत नाही, हे कळायला जानेवारीचा शेवट उजाडावा लागला.

पण आधी बेत काय तो सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बेलापूरची बाई, दोन मुलांची आई, हिला हिमालयात तडमडायला कुणी सांगितलं? (आमच्या सासूबाई अगदी हेच म्हणाल्या.) भाऊजींना स्कीचं वेड. मनालीला १९६१ साली सुरू झालेली गिर्यारोहणाची संस्था आहे, आता तिला अटलबिहारी वाजपेयींचं नाव आहे, तिथं ते तरुणपणी शिकून आले. गेल्या दोन हिवाळ्यांत त्यांनी आम्हा दोघी जावांना सोलंगच्या उतारावर उभं केलं. पायांना लांबलचक पट्ट्या, हातांत दोन काठ्या आणि समोर पांढराशुभ्र उतार. पहिले चार दिवस आम्ही मुख्यतः पडलो. पडून उठायचंही शास्त्र असतं बरं का! पट्ट्या उताराला आडव्या करून मग उठायचं. नाहीतर उठता उठता पुन्हा चाललात खाली. पाचव्या दिवशी पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणून, मागची फाकवून, नांगर धरल्यासारखं थांबायला जमलं. त्या दिवशी मला बी.ए.च्या निकालाच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद झाला.

यंदाचं मात्र निराळं आहे. सोलंगसारखी गर्दी नाही, वर नेऊन सोडणारा पाळणा नाही. मनालीजवळ हामटा खोऱ्यात सेथन नावाचं लहानसं गाव आहे, साधारण २,७०० मीटर उंचीवर. तिथं राहायचं, पहाटे अंधारात निघायचं, ज्या उतारावरून घसरत यायचं तो आधी आपल्या पायांनी चढायचा आणि मग एकदाच खाली यायचं. आणि तेही भर थंडीत नव्हे, पाडवा झाल्यावर! इथं आपण कैरीचं पन्हं आणि आंब्याची डाळ करत असू, तेव्हा तिथं वरच्या अंगाला अजून बर्फ असतं.

आमचे 'हे' येणार नाहीत. त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. ते घरी मुलांपाशी आणि सासूबाईंपाशी राहणार आहेत. डब्याला काय करायचं याचा आठ दिवसांचा तक्ता मी फ्रिजवर चिकटवलाय. त्यात पाच दिवस बटाट्याची भाजी आहे, कारण ह्यांना तेवढीच येते.

आता तयारीचं. नवी मुंबईत राहून बर्फाची तयारी करायची म्हणजे विहिरीत राहून गच्चीवर पतंग उडवण्यापैकी. आम्ही राहतो आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखलेली ही बैठ्या घरांची वसाहत; खाडी एका बाजूला आणि पारसिकचा डोंगर पार पाठीशी. लग्न होऊन आले तेव्हापासून तो डोंगर रोज दिसतो, पण वाळत घातलेल्या कपड्यांवर पाऊस कुठून येतोय हे बघण्यापलीकडे मी त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. आता रोज पहाटे साडेपाचला मी त्याच्या रस्त्याला लागते. पाठीवर पिशवी, पिशवीत गव्हाच्या पिठाचं पाच किलोचं पाकीट. पंधरा दिवसांनी दहा किलोचं. एका सकाळी पाकीट फुटलं आणि मी घरी आले ती गिरणीतून आल्यासारखी!

वर पोचलं की खाली झोपलेलं गाव दिसतं. पाम बीच रस्त्याचे दिवे, पनवेलची खाडी, गाड्यांची पहिली जाग. त्या बाजूला उलव्याची टेकडी होती. विमानतळासाठी ती कापून सपाट केली. पारसिकच्या रांगेलाही दगडखाणींनी जागोजागी चावे घेतले आहेत. डोंगर हवे म्हणून आम्ही दीड हजार किलोमीटर जाणार, आणि दाराशी असलेले डोंगर खडी करून रस्त्यांवर टाकणार. असो. हा विषय निघाला की माझा चहा निवतो.

मैत्रिणींनो, चढण्यानं दम लागतो, पण पाय मोडतात ते उतरण्यानं. हे मला माहीतच नव्हतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार तोलत असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते. आणि स्की म्हणजे तर सगळी उतरणच, तीही गुडघे वाकवून. त्याला उपाय भिंतीचा. भिंतीला पाठ टेकवायची, खाली खुर्ची आहे असं समजून बसायचं आणि तसंच राहायचं. मी ते कुकरच्या शिट्यांवर करते. पहिल्या आठवड्यात एक शिटीही होईना. आता तिसऱ्या शिटीपर्यंत बसते. त्यामुळे हल्ली आमची डाळ छान शिजते.

फेब्रुवारीत भाऊजींनी सामान आणलं. त्यातल्या दोन गोष्टींनी घरात गंमत झाली. एक म्हणजे 'स्किन'. पट्टीच्या तळाला चिकटवायची एक लांब केसाळ फीत. पूर्वी सीलच्या कातड्याची असायची म्हणून ते नाव. आता मोहेर लोकरीची नाहीतर नायलॉनची असते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवा, सुलट मऊ लागतं, उलट फिरवलात तर केस उभे राहतात. तसंच हे. पाय पुढं सरकतो, पण मागं घसरत नाही. चढताना टाचही मोकळी सोडलेली असते, म्हणजे चालता येतं. वर गेल्यावर फीत काढून ठेवायची, टाच घट्ट अडकवायची आणि निघायचं. या फितीच्या मागच्या बाजूचा डिंक जिवापाड जपायचा असतो. आमच्या चिरंजिवांनी ती जुन्या गोधडीवर उघडी पसरून ठेवली. गोधडीचा अर्धा कापूस फितीला! दोन दुपारी आम्ही जावा चिमट्यानं ती साफ करत बसलो होतो, गव्हातले खडे निवडावेत तशा.

दुसरी वस्तू म्हणजे बीकन. छातीशी बांधायचं छोटं यंत्र. ते सतत संदेश सोडत असतं. कुणी बर्फाच्या लोटाखाली सापडलं तर बाकीच्यांनी आपापली यंत्रं 'शोधा'वर करायची, की पडद्यावर बाण आणि आकडा दिसतो. आकडा कमी होत गेला की आपण जवळ जातोय. मग जोडायच्या लांब काठीनं टोचून बघायचं, फावड्यानं उकरायचं. हे तिन्ही ज्याचं त्याच्याजवळ असावं लागतं, कारण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर आशा चांगली. त्यापुढं ती झपाट्यानं सरते. भाऊजी घरात आमची परीक्षा घेत. एकदा त्यांनी यंत्र माळ्यावरच्या गाद्यांत लपवलं, एकदा सासूबाईंच्या लुगड्यांच्या ट्रंकेत. पहिल्यांदा आम्हाला अठरा मिनिटं लागली. सासूबाई देवघरातून बघत होत्या. म्हणाल्या, "अठरा मिनिटं? म्हणजे तोवर ती मेलीच की!" कुणी हसलं नाही. त्या आठवड्यात आम्ही रोज सराव केला आणि सहा मिनिटांवर आलो.

हे सगळं झालं. पण ते परत फिरायचं राहिलं होतं, त्याची हकीकत या सगळ्याच्या आधीची.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही प्रबळगडाला गेलो. पनवेलच्या पुढं, शेडुंगवरून आत ठाकूरवाडीला गाडी ठेवायची, तिथून प्रबळमाचीपर्यंत चढ, आणि माचीवरून दगडधोंड्यांनी भरलेल्या एका नळीतून गडावर. गड साधारण २,३०० फूट उंच. भाऊजींनी निघतानाच सांगितलं, "साडेदहाला जिथं असू तिथून परत. गड आला असो वा नसो."

साडेसहाला चालायला लागायचं ठरलं होतं. लागलो पावणेआठला. दूध उशिरा आलं, ह्यांचा डबा, मुलाचं कॅल्शियमचं औषध. तुम्हाला सांगायला नकोच. साडेदहाला आम्ही नळीच्या मध्यावर होतो. भाऊजी म्हणाले, "साडेदहा." एकदाच. मी वर पाहिलं. झाडांतून उजेड दिसत होता, म्हणजे माथा आलाच होता. म्हटलं, "दहा मिनिटं, भाऊजी. एवढं आलोय तर..." जाऊबाईंनीही री ओढली. ते काही बोलले नाहीत, आमच्या मागून येत राहिले.

त्या दहा मिनिटांना एक तास लागला.

माथ्यावर रान होतं, वारा होता, फोटो काढले. समोर इर्शाळगड दिसत होता. त्याच्या पायथ्याची इर्शाळवाडी आठवते ना? २०२३च्या जुलैमध्ये रात्री दरड कोसळली आणि झोपलेली वाडी गाडली गेली. भाऊजी तिकडं बघत म्हणाले, "वहिनी, माती पाण्यानं जड झाली की तिची पकड सुटते. बर्फाचंही तसंच असतं. आणि चैत्रात तर ते रोज होतं."

मग त्यांनी जे समजावलं ते असं. चैत्रातलं बर्फ रात्री गोठतं, पहाटे लोखंडासारखं टणक असतं. त्यावर चालायला धोका कमी, पण घसरायला वाईट. ऊन चढलं की वरचा थर जाड्या साखरेसारखा मोकळा होतो. तेवढा तास-दोन तासांचा वेळ सोन्याचा. तेव्हाच खाली यायचं. त्यानंतर वितळलेलं पाणी आत मुरतं, थर जड होतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततात आणि तीव्र उतारावरचं बर्फ आपण होऊन निसटू शकतं. ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यांत फसवे. पूर्वेकडचे उतार आधी बिघडतात, कारण ऊन तिथं आधी पडतं. मनालीला १९६९ साली संरक्षण खात्यानं खास या हिमलोटांचा अभ्यास करणारी संस्था काढली. २०२०मध्ये ती दुसऱ्या संस्थेत विलीन झाली, पण धोक्याचे इशारे अजून निघतात. इशारा बघायचा, गावातल्या वाटाड्याचं ऐकायचं, आणि तरीही घड्याळ पाळायचं. "साडेदहा हा आकडा मी पंचांगात बघून काढलेला नाही," भाऊजी म्हणाले.

मला पटलं. पण पटलं ते माथ्यावर उभं राहून!

उतरताना ऊन डोक्यावर आलं. पाणी माचीच्या वरच संपलं. घसाऱ्यावर जाऊबाईंचा पाय निसटला आणि त्या मनगटावर आपटल्या. माझ्या मांडीत गोळे आले. दर दहा पावलांना बसत, ओढणीनं त्यांचा हात गळ्यात बांधून, आम्ही ठाकूरवाडीत आलो तेव्हा चार वाजून गेले होते. पुढं रविवारची महामार्गावरची गर्दी, मग हाडाच्या डॉक्टरांकडे. नशीब, मोडलं नव्हतं, नुसतं मुरगळलं होतं.

आणि त्याच दिवशी पाच वाजता माझ्या मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. ती कोळीनृत्यात पुढच्या रांगेत होती. तिची साडी मी नेसवणार होते, अंबाडा मी घालणार होते. "चारपर्यंत येतेच," असं सकाळी सांगून निघाले होते. घरी पोचले साडेसातला. ह्यांनी तिला कशीबशी साडी गुंडाळून नेलं होतं. ती नाचताना सुटू नये म्हणून शेजारच्या काकूंनी अकरा सेफ्टी पिना लावल्या होत्या. मी घरात शिरले तेव्हा ती त्या पिना एकेक काढून वाटीत टाकत होती. मला म्हणाली, "तू वरपर्यंत पोचलीस ना?" चिडून नाही. खरंच विचारत होती.

मी "हो" म्हटलं आणि आंघोळीला गेले. बराच वेळ लागला मला.

आपण बायका काम अर्धं टाकत नाही, याचा आपल्याला केवढा अभिमान असतो! पापड लाटायला घेतले की पीठ संपेपर्यंत उठायचं नाही, पेपरांचा गठ्ठा सोडला की शेवटचा पेपर तपासल्याशिवाय झोपायचं नाही. माझ्या आईनं मला हेच शिकवलं, मी मुलीला तेच शिकवते. घरात ते बरोबरच आहे. पण पापडाचं पीठ उन्हानं निसटून अंगावर येत नाही.

भाऊजींनी तिकिटं काढली नाहीत. टाकूनही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुरंदरच्या तहात, १६६५ साली, महाराजांनी तेवीस किल्ले दिले. हा आपला प्रबळगडही त्यातलाच. तेव्हा त्याला मुरंजन म्हणत. पुढं परत घेतलाच की नाही?"

फेब्रुवारीच्या अखेरीला पुन्हा गेलो. या वेळी दूध आदल्या रात्री आणलं, डबे ह्यांच्यावर सोपवले, सव्वासहाला ठाकूरवाडी सोडली. निघण्यापूर्वी मुलीनं माझ्या मनगटी घड्याळात साडेदहाचा गजर लावून दिला. "आई, बंद करायचा नाही हं," असा दमही दिला. सगळं वेळेवर चाललं होतं. माचीवर भरपूर वेळ हाताशी होता. आणि तिथून जरा वर गेलो तर जाऊबाईंच्या बुटाचा तळवा सुटला! अख्खा, जबडा उघडल्यासारखा. माचीवर परत येऊन एका घरातून नायलॉनची दोरी घेतली, बूट बांधला, दोरी सुटली, पुन्हा बांधला. त्यात पाऊण तास गेला.

नळीत शिरलो आणि चढत राहिलो. ओळखीचा तोच मोठा दगड, तीच झाडं, तोच वरचा उजेड. या वेळी तर आम्ही मागच्यापेक्षा बरंच वर होतो. दहा मिनिटं म्हटली असती तर खरोखरच दहा मिनिटं होती. आणि गजर वाजला.

भाऊजी गप्प. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. मी वर बघत होते. एवढं पीठ वाहून, एवढ्या शिट्या भिंतीला टेकून काढून, पुन्हा तिथंच! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मग मी वळले. "चला," म्हटलं. जाऊबाई म्हणाल्या, "अहो पण समोर तर दिसतंय!" मी म्हटलं, "दिसू दे."

माचीवर दुपारच्या आत पोचलो. पिठलं-भाकरी खाल्ली, वर लोणच्याची फोड. इतकं चवदार पिठलं मी करत नाही. तीनच्या आत घरी होते. मुलीनं विचारलं, "पोचलीस?" म्हटलं, "नाही." ती एवढी खूश झाली की मला जरा रागच आला.

त्या रात्री भाऊजींनी तिकिटं काढली.

बाकी राहिलेलं बांधाबांधीचं. सुती कपडे अजिबात घेत नाही. घामानं भिजतात आणि वाळत नाहीत, मग अंगावर बर्फाची पट्टी ठेवल्यासारखं होतं. लोकरीचे नाहीतर कृत्रिम धाग्याचे, पातळ थरांचे कपडे, चढताना एक काढता येईल असे. ताजं बर्फ अंगावर पडलेल्या उजेडातला बराचसा परत फेकतं, त्यामुळे काळा चष्मा हवाच, आणि मलम नाकाच्या खाली, हनुवटीखालीही लावायचं. ऊन खालूनही भाजतं. आपल्या बायकांची ती तारीख कॅलेंडरवर आधीच बघून ठेवायची आणि लागणारं सगळं कागदी पिशवीसकट न्यायचं, तिथंच टाकायचं नाही. उंचीवर डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर कुढत बसायचं नाही, लगेच सांगायचं. म्हणून सेथनला आधी दोन रात्री नुसत्या काढणार आहोत. खायला दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि डिंकाचे लाडू. चिक्की नाही. गेल्या वर्षी सोलंगला ती गारठून अशी दगड झाली की जाऊबाईंच्या दाढेचं सिमेंट निघालं.

सासूबाईंचा विरोध मावळला म्हणता येणार नाही. परवा त्यांनी विचारलं, "तिथं जाऊन मध्येच परत फिरलात, तर पैसे परत मिळतात का?" म्हटलं, "नाही मिळत." त्यावर म्हणाल्या, "मग तू फिरशील असं मला वाटत नाही." त्या मला पंधरा वर्षं ओळखतात.

म्हणून तो गजर मी घड्याळात तसाच ठेवलाय. तो रोज साडेदहाला वाजतो. तेव्हा मी सहावीच्या वर्गात मराठीच्या तासाला असते. पहिल्या दिवशी मुलं दचकली, दुसऱ्या दिवशी हसली. मग मला कारण सांगावं लागलं. आता गजर झाला की मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी ओरडतं, "बाई, परत फिरा!" आणि मी फळ्यापाशी लिहीत असले तर खडू खाली ठेवून, एक गिरकी घेऊन त्यांच्याकडे तोंड करते. काल वाक्य अर्धवट होतं. एक कर्ता, एक कर्म, आणि क्रियापद राहिलेलं. ते तसंच राहू दिलं आणि धडा वाचायला घेतला.

तुम्ही हे वाचाल तेव्हा आम्ही सेथनला असू.